लेऑफनंतर नऊ आठवड्यांनी अनएम्प्लॉयमेंटचा (बेरोजगारी भत्त्याचा) क्लेम टाकला, मागचे पैसे मिळतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला राहतात. एच-४ ईएडीवर (नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर असल्याने मिळालेल्या कामाच्या परवान्यावर) टेस्टिंगची नोकरी होती. १० जानेवारी २०२५, शुक्रवारी लेऑफ झाला आणि आठ आठवड्यांचा सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मालक देतो ती रक्कम, मिळाला. शेवटच्या कॉलवर एचआरने सांगितलं, "सेव्हरन्स संपेपर्यंत अनएम्प्लॉयमेंट मागता येत नाही." तेवढ्यात नाशिकला वडिलांना अॅडमिट केलं. २ फेब्रुवारीला त्या गेल्या, १ मार्चला परत आल्या. क्लेम टाकला १८ मार्चला. ईडीडीने, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या राज्याच्या खात्याने, क्लेमची सुरुवात १६ मार्च धरली. मधले नऊ आठवडे गेले कुठे? ते मागता येतील का, कारण काय लिहायचं, नाशिकचे आठवडे दाखवायचे की नाही, आणि या सगळ्यात ग्रीन कार्डला धक्का लागेल का?

मी बे एरियात कामगार कायद्याचं काम करतो आणि असे उशिराचे क्लेम बरेच हाताळले आहेत. तुमच्या बाबतीत पाच आठवडे मागण्यासारखे आहेत. चार आठवडे मागून उपयोग नाही, आणि ते मागूही नयेत. आता सविस्तर सांगतो.

आधी १६ मार्चच का, ते. कॅलिफोर्नियात क्लेम कोणत्याही वारी टाका, तो त्या आठवड्याच्या रविवारपासून लागू होतो. १८ मार्चला मंगळवार होता, त्याआधीचा रविवार १६ तारखेचा. नोकरी कधी गेली याकडे संगणक बघत नाही. मागची तारीख आपोआप कधीच मिळत नाही, ती मागावी लागते आणि उशिराचं 'गुड कॉज', म्हणजे सबळ कारण, दाखवावं लागतं. तुमचा शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार होता, म्हणजे पहिला पूर्ण बेकार आठवडा १२ जानेवारीच्या रविवारी सुरू झाला. तेव्हा मागायची तारीख १२ जानेवारी. १० नव्हे. शुक्रवारची तारीख घातलेले अर्ज मी पाहिलेत. त्यामुळे अर्ज फेटाळला जात नाही, पण उगाच एक फेरी वाढते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक इथेच गोंधळतात आणि तुम्हीही थोड्या गोंधळला आहात. या पैशांना दोन कुलपं आहेत. पहिलं कुलूप उशिराचं: क्लेम वेळेवर का टाकला नाही? दुसरं त्या त्या आठवड्याचं: त्या आठवड्यात तुम्ही काम करायला सक्षम होतात का, उपलब्ध होतात का, काम शोधत होतात का? नाशिकला जाणं पहिल्या कुलपाची किल्ली होऊ शकतं. वडील इस्पितळात, तुम्ही त्यांच्या उशाशी, ही सबळ अडचण आहे. पण तीच किल्ली दुसऱ्या कुलपात घातली की अडकते. तुम्ही सनीव्हेलला नव्हतात, सोमवारी कुणी कामावर बोलावलं असतं तर जाता आलं नसतं, म्हणजे उपलब्ध नव्हतात. भारतात असतानाच्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत. तिथून लॅपटॉपवर अर्ज पाठवत होते, रात्री झूमवर मुलाखती देत होते, हे युक्तिवाद मी ऐकलेत. त्यावर वेळ घालवू नका.

म्हणून कागद घ्या आणि आठवडे मांडा. १२, १९ आणि २६ जानेवारीचे तीन आठवडे तुम्ही इथे होतात. २, ९, १६ आणि २३ फेब्रुवारीचे चार नाशिकला. २ आणि ९ मार्चचे दोन पुन्हा इथे. एकूण नऊ, त्यांतले पाच तुमचे. अर्जात तारीख १२ जानेवारीच मागायची. मंजुरी मिळाली की ईडीडी मागच्या आठवड्यांचं सर्टिफिकेशन, म्हणजे त्या त्या आठवड्याच्या प्रश्नांचा फॉर्म, भरायला देतं. त्यात नाशिकच्या चार आठवड्यांना 'उपलब्ध होता का' या प्रश्नाला सरळ 'नाही' लिहायचं. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या एकूण रकमेत शिल्लक राहतात आणि पुढे बेकारी लांबली तर वापरता येतात. इथे 'हो' लिहिण्याचा मोह होतो, कारण कोण बघतंय? पासपोर्टवरचे शिक्के बघतात, विमानाच्या नोंदी बघतात. खोटं निघालं तर घेतलेले पैसे परत, वर ३० टक्के दंड, आणि पुढचे काही आठवडे बाद. शिवाय ज्यांची ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे त्यांच्या नावावर सरकारी यंत्रणेला खोटं सांगितल्याची नोंद. हजार-दोन हजार डॉलरसाठी हे करू नये.

हिशेब करू. गेल्या वर्षाचा तुमचा पगार बघता आठवड्याला ४५० डॉलर मिळतील. कॅलिफोर्नियात तीच कमाल मर्यादा आहे. हा आकडा बघून बे एरियातला माणूस हसतो, घरभाड्याचा आठवडाही त्यात निघत नाही. पण आहे ते आहे. क्लेमचा पहिला पात्र आठवडा 'वेटिंग' असतो, त्याचे पैसे नाहीत. तारीख मागे नेली नाही तर हा फुकटचा आठवडा १६ मार्चचा असेल. मागे नेली तर तो १२ जानेवारीवर सरकतो, मग जानेवारीचे दोन आणि मार्चचे दोन आठवडे देय होतात, आणि १६ मार्चचाही सुटतो. म्हणजे आत्ता हातात येणारा फरक पाच गुणिले ४५०, २,२५० डॉलर.

मात्र अर्ज करण्याआधी हे मागणं फायद्याचं आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा. तो फार कमी लोक विचारतात. एका क्लेमवर जास्तीत जास्त २६ आठवड्यांचे पैसे असतात. ४५० च्या हिशेबाने ११,७०० डॉलर. तारीख मागे नेल्याने ही थैली मोठी होत नाही, फक्त लवकर उघडते. एप्रिलमध्ये नवी नोकरी लागली तर ते २,२५० नाहीतर कायमचे गेले असते, तेव्हा मागणं योग्यच. पण नोकरी सात-आठ महिने लागणार नाही अशी लक्षणं असतील, तर २६ आठवडे पुढेही संपणारच आहेत. मागे जाऊन तुम्ही एकूण काहीच जास्त मिळवत नाही, उलट क्लेमचं ५२ आठवड्यांचं वर्षही तेवढं आधी संपतं. तुम्ही लिहिलंय की दोन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोचला आहात. म्हणून माझं मत, मागा.

दुसरी एक खोच तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला लागेल. क्लेमची रक्कम 'बेस पीरियड'च्या पगारावर ठरते आणि तो काळ क्लेम कोणत्या तिमाहीत सुरू होतो त्यावर अवलंबून असतो. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये सुरू झालेल्या क्लेमला ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ चा पगार धरतात. एप्रिल ते जूनमध्ये सुरू झाला तर २०२४ चं पूर्ण वर्ष. तुमच्या १२ जानेवारी आणि १६ मार्च या दोन्ही तारखा एकाच तिमाहीत आहेत, त्यामुळे काही बदलत नाही. पण समजा कुणी जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतली पहिली नोकरी धरली, तिमाहीला १८,००० डॉलर पगार, मार्चमध्ये नोकरी गेली आणि क्लेम टाकला एप्रिलमध्ये. त्याच्या बेस पीरियडमध्ये दोन तिमाह्या येतात, एकूण ३६,०००. तो तारीख मार्चमध्ये न्यायला गेला तर एकच तिमाही उरते, १८,०००. एकूण रक्कम ही २६ आठवड्यांचे पैसे किंवा बेस पीरियडच्या पगाराचा निम्मा भाग, यांतली कमी असेल ती. म्हणजे ११,७०० ऐवजी ९,०००. दोन आठवडे मागे जायच्या नादात सहा आठवडे गमावले. अशा माणसाने गप्प बसावं.

आता पहिलं कुलूप, कारण. तुम्ही ईडीडीला आधीच ऑनलाइन संदेश पाठवलाय, त्याचा मजकूर मला दिलात. भाषा चांगली आहे, पण त्यात घराचं भाडं, मुलीची डे-केअर, नवऱ्याच्या व्हिसाची चिंता, हे सगळं आहे आणि तारीख एकही नाही. तिकडे बसलेल्या माणसाला तुमची कणव येऊ शकते, पण त्याच्या फॉर्मवर कणवेचा रकाना नसतो. पैशाची गरज हे उशिराचं कारण होत नाही. उलट तो मनात म्हणेल, एवढी गरज होती तर आधी का नाही आलात?

'मला नियम माहीत नव्हता' हेही सहसा चालत नाही. पण 'मला चुकीचं सांगितलं गेलं' ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुमच्या केसचा कणा तोच आहे. एचआरने जे सांगितलं ते कॅलिफोर्नियापुरतं चूक होतं. इथे सेव्हरन्स सर्वसाधारणपणे पगार धरत नाहीत, तो मिळत असतानाही क्लेम चालतो. (नोटीस न देता त्याऐवजी दिलेला पगार मात्र वेगळा, तो वजा होतो. तुमच्या करारात शब्द काय आहे ते नीट बघा. 'सेव्हरन्स' असेल तर ठीक.) ही समजूत आपल्या लोकांत घट्ट बसलेली आहे, कारण काही राज्यांत ती अंशतः खरीही आहे. न्यूयॉर्कमध्ये मोठा सेव्हरन्स नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांच्या आत मिळाला तर त्या आठवड्यांचे पैसे अडतात. ह्यूस्टनच्या आतेभावाने किंवा एडिसनच्या मैत्रिणीने सांगितलेला नियम इथे लावू नका. अनएम्प्लॉयमेंट हा राज्याराज्याचा कारभार आहे.

कॅलिफोर्नियात कामावरून काढताना मालकाने लेखी नोटीस द्यायची असते आणि ईडीडीचं बेरोजगारी हक्कांचं माहितीपत्रक हातात द्यायचं असतं. तुम्हाला ते मिळालं का? शेवटच्या दिवशीची ईमेल आणि पीडीएफची फाइल उघडून बघा. नसेल मिळालं तर ते अर्जात लिहा, मुद्दा जड होतो. मिळालं असेल तर लपवू नका. त्या पत्रकात 'लगेच अर्ज करा' असं असताना तुम्ही एचआरवर विश्वास का ठेवला, याचं उत्तर तयार ठेवा. 'माझ्या करारातला सेव्हरन्स त्यांनीच लिहिला होता, त्याचा परिणाम त्यांना माहीत असेल असं मला वाटलं' हे सरळ, खरं उत्तर आहे.

ते बोलणं कॉलवर झालं, लेखी काही नाही, ही तुमची कच्ची बाजू. ती आजच भरून काढा. एचआरला छोटी, भांडण नसलेली ईमेल करा: १० जानेवारीच्या कॉलवर आपण मला सेव्हरन्स संपेपर्यंत अर्ज करता येणार नाही असं सांगितलं होतं, त्यानुसार मी थांबले, आता ईडीडीने विचारलंय म्हणून हे नोंदवतेय, यात काही चूक असेल तर कळवा. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुमच्याकडे तारखेची एक नोंद झाली. त्याच दिवशी लेऑफ झालेल्या सहकाऱ्याला तेच सांगितलं असेल तर त्याच्याकडून चार ओळींचं सहीचं निवेदन घ्या. एका केसमध्ये असं निवेदन एका माजी सहकाऱ्याने पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं होतं. तेही चाललं.

पण थांबा, कारण अजून पुरत नाही. कारणाने उशिराचा प्रत्येक दिवस झाकला पाहिजे, अगदी अर्ज टाकला त्या दिवसापर्यंत. बरेच अर्ज इथेच पडतात. कारण सबळ असतं, पण ते संपल्यावरही माणूस दोन-तीन आठवडे बसून राहिलेला असतो. तुमचा सेव्हरन्स ७ मार्चला संपला, अर्ज १८ ला. मधले अकरा दिवस उघडे आहेत. तुम्ही माझ्याशी फोनवर ओझरतं बोललात की १० मार्चला खातं उघडायला गेलात आणि ओळखपडताळणीत अडकलात, ईएडी कार्डाचा फोटो तीनदा नाकारला गेला. अहो, हेच तर लिहायला हवं होतं. संदेशात त्याचा उल्लेखही नाही. पडताळणीचे जे ईमेल आले असतील, 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणणारे, ते सगळे तारखेसकट जोडा. फोन लावून तासभर ताटकळला असाल तर मोबाइलच्या कॉललॉगचा स्क्रीनशॉट घ्या. जुने कॉललॉग फोनमधून पुसले जातात, तेव्हा आजच.

मग दुसरा संदेश पाठवा आणि तेच पत्र पोस्टानेही पाठवा. एका पानाच्या वर नको. पहिल्या ओळीत मागणी: क्लेमची सुरुवात १६ मार्चऐवजी १२ जानेवारी २०२५ करावी. त्याखाली तारीखवार हकीगत. १० जानेवारीला लेऑफ आणि एचआरची सूचना. २ फेब्रुवारी ते १ मार्च वडिलांच्या आजारपणासाठी भारतात, या काळातल्या आठवड्यांचे पैसे मी मागत नाही. ७ मार्चला सेव्हरन्स संपला. १० मार्चला अर्जाचा पहिला प्रयत्न. १८ ला अर्ज पूर्ण. हे 'मागत नाही' वाक्य मुद्दाम घाला. जो माणूस आपल्या तोट्याची गोष्ट आपणहून सांगतो त्याच्या बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड, विमानाची तिकिटं जोडा. कार्डावर मराठीत काही असेल तर खाली इंग्रजीत अर्थ लिहा.

इकडे हा अर्ज चालू असताना चालू आठवड्यांचं सर्टिफिकेशन दर दोन आठवड्यांनी भरत राहा. मागच्याचा निकाल लागेपर्यंत पुढचं भरायचं नाही असा काही नियम नाही, पण असं समजून थांबणारे भेटतात. मग चालू आठवडेही उशिराचे होतात आणि त्यांच्यासाठी वेगळं सबळ कारण शोधत बसावं लागतं. मागच्या पाच आठवड्यांत कुठे अर्ज केले त्याची यादीही आत्ताच करून ठेवा. ईमेलमध्ये पोच असते, ती शोधली की तारखा मिळतात. आणि अनोळखी नंबर उचला. ईडीडीची मुलाखत फोनवर होते, ठरलेल्या वेळेला तो चुकवला तर हातात असलेल्या कागदांवर निकाल लागतो.

नकार आला तर लेखी निर्णय येतो. त्यावर छापलेल्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करायचं. पाकीट तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नव्हे. अपिलाला फी नाही. प्रशासकीय न्यायाधीशासमोर, बहुतेक वेळा फोनवरच, सुनावणी होते. शपथ घेऊन तुम्ही सांगता, ते प्रश्न विचारतात. दुभाषी फुकट मिळतो, मराठीही मागता येतो. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, पण शपथेवर तारखा सांगताना अडखळायला होत असेल तर संकोच करू नका. माझा अनुभव असा की खिडकीवर नाकारलेली बरीच प्रकरणं इथे उलटतात, कारण पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण हकीगत ऐकून घेतं. सुनावणीआधी तुमची फाइल मागवून वाचा. तुम्ही ईडीडीशी फोनवर दोन महिन्यांपूर्वी काय बोललात ते त्यात कुणीतरी टिपून ठेवलेलं असतं.

ग्रीन कार्डाचं. अनएम्प्लॉयमेंट हा 'पब्लिक चार्ज'मध्ये, म्हणजे ग्रीन कार्ड मागणारा सरकारवर भार होईल का या तपासणीत, धरला जात नाही. मालकाने तुमच्या नावाने भरलेल्या करातून हा विमा चालतो. 'सरकारचे पैसे कशाला घ्यायचे, आपल्याला शोभत नाही' म्हणत चार आठवडे घालवणारे काका मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या मालकाने तो हप्ता केव्हाच भरलेला असतो. हे पैसे मात्र केंद्राच्या करपात्र उत्पन्नात येतात, कॅलिफोर्निया त्यावर कर घेत नाही. मागचे आठवडे मंजूर होऊन रक्कम एकदम आली तर करासाठी थोडी बाजूला काढा.

ज्या आठवड्यांचे पैसे मागता त्या प्रत्येक आठवड्यात तुमचं ईएडी चालू असलं पाहिजे. जुनं संपून नवं यायच्या आधीचा खंड असेल, तर कितीही सबळ कारण असलं तरी तो खंड भरून निघत नाही. तुमचं कार्ड नोव्हेंबरपर्यंत आहे, तेव्हा प्रश्न नाही. आणि शेवटी तुमच्या यजमानांबद्दल विचारलंत. ते एच-१बीवर आहेत, त्यांचीही नोकरी गेली तर? त्यांचं कामाचं परवानापत्र एका मालकाशी बांधलेलं असतं, नोकरी गेली की ६० दिवसांची सवलत मिळते ती राहण्यापुरती. 'कुठेही काम करायला उपलब्ध' या कसोटीवर असे क्लेम बहुतेक वेळा अडतात. त्यांनी त्या ६० दिवसांत नवीन मालक शोधण्यावर जोर द्यावा, आणि तुमच्या क्लेममध्ये त्यांच्या नोकरीचा उल्लेखसुद्धा करायची गरज नाही.